गिटारीच्या पोटातला बोर्ड

माझ्या नवऱ्याची इलेक्ट्रिक गिटार उलटी करून मागच्या झाकणाचे चार स्क्रू काढले, की आत काड्यापेटीहून जरासा मोठा एक बोर्ड दिसतो. त्याच्या शेजारी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. तो बोर्ड मी बनवलाय. हे सांगताना मी पूर्वी उगाच हसायचे, "काही नाही हो, छोटंसं काम आहे," म्हणायचे. आता तसं म्हणत नाही.

सातपूरच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं सोल्डरिंग करते आहे. आयटीआय करून लागले ती अजून त्याच खात्यात. मशीनना लागणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड आमच्याकडे तयार होतात. बारीक पार्ट यंत्र बसवतं, मोठे आणि आडनिडे पार्ट आम्ही बायका हाताने बसवतो. समोर ड्रॉइंग असतं. त्यात दाखवलेला पार्ट दाखवलेल्या भोकात घालायचा, सोल्डर करायचा, पाय कापायचे, पुढे सरकवायचं. बोर्ड पुढे जाऊन काय करतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

नवरा एका सरकारी कचेरीत क्लार्क आहे. पण ही त्याची दिवसाची ओळख. लग्नाच्या आधीपासून तो एका गायन पार्टीत गिटार वाजवतो. एक गायक, एक गायिका, ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि हा. जयंतीच्या दिवसांत तर एकेका आठवड्यात चार-चार कार्यक्रम असतात. एरवी लग्नं, वाढदिवस, बुद्धविहारांचे वर्धापनदिन. गिटार त्याने कॉलेजात असताना जुनी घेतली होती. लाल रंग, कडेला थोडा उडालेला. शिकवायला कुणी नव्हतं. कॅसेट लावायची, थांबवायची, परत लावायची, असं करत तो शिकला.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सरावाहून आला आणि गिटारीची पिशवी कोपऱ्यात ठेवून नुसता बसून राहिला. मी मटार सोलत होते. पाचेक मिनिटांनी तोही मटार सोलायला लागला, तेव्हा मला कळलं की काहीतरी झालंय. एरवी तो मटार फक्त खातो.

"काय झालं?"

"काही नाही. गायक म्हणत होते, आता गिटारचा आवाज कीबोर्डमध्येच मिळतो."

"मग?"

"मग काय. पुढच्या सीझनला पार्टीत पाच माणसं पुरतील, असं म्हणाले. थेट मला नाही म्हणाले. पण मी तिथेच होतो."

गायक वाईट माणूस नाही. वीस वर्षं दोघं एकत्र वाजवतात, आमच्या मुलीच्या नामकरणाला त्याने फुकट गाणी म्हटली होती. त्याची तक्रारही खोटी नव्हती. मोठ्या स्टेजवर गिटारीचा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा यायचा. साउंडवाला आवाज वाढवायचा, तर नुसता घुमायचा. शेवटी तो गिटारचं बटण खाली करून टाकायचा, आणि माझा नवरा दोन-दोन तास कुणालाच ऐकू न येणारं वाजवत राहायचा.

मी विचारलं, "घरी तर चांगली वाजते की. घुंगरासारखी."

"घरी छान वाजते. स्टेजवर गेली की मरते. म्हातारी झाली बहुतेक."

बावीस वर्षं मी तपासणीतून परत आलेले बिघडलेले बोर्ड बघते. एखादी वस्तू एका जागी चालते आणि दुसऱ्या जागी चालत नाही, तेव्हा वस्तूला नाव ठेवण्याआधी दोन जागांत फरक काय ते बघायचं, एवढं तर मला येतं. मी विचारलं, "घरी वायर केवढी असते?"

"दहा फूट."

"आणि स्टेजवर?"

तो माझ्याकडे बघायला लागला. सगळ्यांचे आवाज जिथे जोडतात तो साउंडवाल्याचा मिक्सर स्टेजच्या पार दुसऱ्या टोकाला असतो. दोन वायरी जोडून चाळीस-पन्नास फूट होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पार्टीची लांब वायर घरी आणायला लावली. संध्याकाळी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. गिटार त्याच्या मांडीवर, छोटा स्पीकर माझ्याजवळ. "एकच तार वाजवा. मी वायर बदलत राहीन. कोणती लावली ते तुम्ही ओळखा." आठ वेळा बदलली. कधी दोनदा लागोपाठ तीच लावली, म्हणजे अंदाज चालू नये. आठही वेळा त्याने बरोबर ओळखलं. मी ओळखलं असतं. शेजारच्या वहिनींनीही ओळखलं असतं, इतका फरक होता. छोट्या वायरीत तारेचा टणत्कार यायचा, लांब वायरीत तोच, पण थंड झालेल्या चहासारखा.

"म्हणजे गिटार म्हातारी नाही," तो भिंतीकडे बघतच म्हणाला.

"नाही. गिटारीतून येणारा करंट फार नाजूक आहे, एवढ्या लांब चालताना त्यातली धार वायरीतच जिरते."

हे मी बोलून तर गेले. पण मला हे कुठून कळलं, हा प्रश्न मलाच पडला.

उत्तर कारखान्यात मिळालं. आमच्याकडे डिझाइन बघणाऱ्या एक मॅडम आहेत, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या टेबलाशी गेले. अशी मी कधी जात नसे. त्यांना वाटलं, रजा हवी असेल. मी गिटारीचं सांगितलं. लांब वायर, छोटी वायर, आठ वेळा ओळखलं, सगळं. त्या डबा खायचं थांबल्या.

"ताई, तुम्ही लाइनवर तो गोल बोर्ड सोल्डर करता ना, सेन्सरच्या डोक्यात बसतो तो?"

"हो. दिवसाला साठ-सत्तर करते."

"तो काय करतो माहितीय? सेन्सरचा सिग्नल फार कमजोर असतो. तो पॅनेलपर्यंत जाता जाता मरू नये म्हणून सेन्सरच्या शेजारीच त्याला जोर देतो. मग वायर कितीही लांब असू दे. तुम्ही जे म्हणताय तेच. तुम्ही कितीतरी वर्षं हेच बनवताय."

मी लाइनवर परत आले आणि पुढचा गोल बोर्ड हातात घेतला. ती आठ पायांची आयसी, तिच्या बाजूचे दोन कपॅसिटर, चार रेझिस्टर. हे सगळे पार्ट माझ्या बोटांना पाठ होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते एकमेकांशी काय बोलतात ते मला समजायला लागलं. त्या दुपारी माझे बोर्ड कमी झाले.

मग मी महिनाभर अभ्यास केला. आयटीआयची वही माळ्यावरून काढली. मोबाइलवर गिटार उघडून दाखवणारे व्हिडिओ बघितले. परदेशी लोक इंग्रजीत भराभर बोलतात, पण हातात काय धरलंय ते दिसतं, आणि पार्टची भाषा मला येते. गिटारीच्या आतच बसवायच्या अशा बोर्डाला प्रीअॅम्प म्हणतात हे तिथेच कळलं. सिग्नलला जोर द्यायचाच, शिवाय खर्ज आणि वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायला दोन बटणं द्यायची, असं मी ठरवलं. ड्रॉइंग मी स्वतः काढलं. मॅडमनी ते नीट बघितलं, एका कपॅसिटरचं माप बदललं आणि कागद परत देताना म्हणाल्या, "बाकी बरोबर आहे." ते तीन शब्द मी घरी येईपर्यंत बसमध्ये मनात घोळवत होते.

बोर्ड तयार व्हायला दोन रविवार लागले. अडचण निराळीच होती. बॅटरीला गिटारीत जागा नव्हती, त्यासाठी लाकूड कोरायला लागणार होतं. नवऱ्याचा चेहरा उतरला.

"लाकूड कापलं की ते परत येत नाही," तो म्हणाला.

"माहितीय. म्हणून तर पूर्ण मोजून ठेवलंय."

आमच्या कारखान्यामागच्या गल्लीत एक वयस्कर कारागीर फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवतात. लोखंडाचा जो भाग ओतायचा असेल, तो आधी हुबेहूब लाकडात करायचा, हे त्यांचं काम. त्यांनी गिटार हातात घेतली, पाठीवर बोट वाजवून बघितलं. "लाकूड लय भारी हाय. किती खोल जायचं?"

"एकोणीस मिलिमीटर. अर्धासुद्धा जास्त नको."

"अर्धा?" ते माझ्याकडे बघून हसले. "वहिनी, मी पाव पण नाय जाणार."

ते कोरत होते तेव्हा माझा नवरा गिटारीची मान धरून उभा होता, दवाखान्यात लेकराला इंजेक्शन देताना बाप उभा राहतो तसा. बॅटरी आत बसली ती चपखल. आतल्या सगळ्या पोकळीला मी तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला, म्हणजे ट्यूबलाइटची घरघर आत येऊ नये. मग बोर्ड बसवला, झाकण लावलं.

घरी लांब वायर जोडून त्याने पहिली तार छेडली. मग दुसरी. मग त्याने आवाजाचं बटण अर्ध्यावर आणलं. पूर्वी असं केलं की धारही जायची. आता आवाज कमी झाला, धार तशीच राहिली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो वाजवायला लागला. जवळजवळ तासभर. भाकऱ्या मी त्याच्यासमोर ओट्यावर थापत होते, आणि वीस वर्षांत प्रथमच तो काय वाजवतो ते मला एकेक सूर सुटा ऐकू येत होतं.

गोष्ट इथेच संपली असती तर मी ती सांगितली नसती.

पुढचा कार्यक्रम घोटीला होता. मी मुद्दाम गेले, पुढून तिसऱ्या रांगेत बसले. पहिली दोन गाणी अशी झाली की गायकाने मागे वळून एकदा गिटारीकडे बघितलं. तिसऱ्या गाण्यात आवाज फाटायला लागला. चुरचुर, मग चिरका, मग काहीच नाही. माझा नवरा वाजवत होता आणि काहीच येत नव्हतं. त्याने वायर हलवली, बटणं फिरवली. कीबोर्डवाल्याने पटकन गिटारचा आवाज लावून ती जागा भरली आणि गाणं पुढे गेलं. उरलेला कार्यक्रम माझा नवरा हातात मुकी गिटार घेऊन उभा राहिला. खाली उतरला असता तरी चाललं असतं. तो उतरला नाही. मी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले होते. पदर तोंडाशी धरला होता, जणू मलाच कुणीतरी स्टेजवर उभं केलंय.

परतताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "ते काढून टाक. होती तशी कर."

घरी येऊन मी बॅटरी मोजली. मेलेली. नवी बॅटरी कशी काय मेली? मग लक्षात आलं. त्या बोर्डाला वेगळा स्विच नव्हता. वायरीची पिन गिटारीत घातली की बोर्ड चालू, काढली की बंद. असं मीच केलं होतं. आणि आदल्या रविवारच्या सरावानंतर पिन गिटारीतच राहिली होती. आठवडाभर रात्रंदिवस बॅटरी जळत होती. जन्मभर ज्याने पिन आत ठेवली त्याला आता काढायची हे मी सांगितलंच नव्हतं. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे बॅटरी संपली तर काय, याचा मी विचारच केला नव्हता. जुनी गिटार घोंगडीखालून का होईना, बोलत होती. माझी बंद पडली.

हे सगळं मी त्याला सकाळी चहा पिताना जसंच्या तसं सांगितलं. "चूक माझी आहे. गिटारीची नाही आणि तुमचीही नाही. मला आठ दिवस द्या. नाही जमलं तर होती तशी करून देते."

त्याने कप खाली ठेवला. "गायक काय म्हणाले माहितीय का? पहिली दोन गाणी ऐकून म्हणाले, हा आवाज मी वीस वर्षं शोधत होतो."

"मग रात्री का नाही सांगितलं?"

"रात्री राग आला होता."

आठ दिवस लागले नाहीत, चारच लागले. मी एक बारीक खटका बसवला. वर केला की आवाज बोर्डातून जाणार. खाली केला की बोर्ड बाजूला, तारांचा आवाज थेट बाहेर, पूर्वीसारखा. बॅटरी मेली, आयसी जळली, काहीही झालं तरी गिटार मुकी होणार नाही. मग त्याला समोर बसवून मी गाणं चालू असताना बॅटरीची वायर उपटली. आवाज गेला. "आता खटका." त्याने खटका पाडला, आवाज आला. असं दहा वेळा करून घेतलं, शेवटच्या वेळी त्याने खटका पाडताना सूरसुद्धा चुकवला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी नाशकातल्या एका मोठ्या सभागृहात जिल्ह्यातल्या बऱ्याच गायन पार्ट्यांचा एकत्र कार्यक्रम होता. रविवारची सकाळ. साउंडला एक नावाजलेले गृहस्थ होते, साठीचे, तोंडाने फटकळ. सगळ्यांवर ओरडत होते. आवाज तपासायला आमच्या पार्टीची पाळी आली, नवऱ्याने दोन सूर वाजवले, आणि ते माइकवरून म्हणाले, "गिटार, थांबा. कशातून येताय? पायाखाली आवाजाचं पेडल आहे का?"

"नाही. थेट."

"थेट असा आवाज येत नाही."

"आतमध्ये बोर्ड आहे."

"कुठून आणला?"

माझा नवरा माइकसमोर वाकला. तो स्टेजवर कधी बोलत नाही, निवेदन गायकाचं काम. "आणला नाही. माझ्या मिसेसने बनवलाय. त्या बसल्यात तिकडे."

सगळं सभागृह वळलं. मला उठावं की बसावं कळेना, म्हणून मी अर्धवट उठले. गायकाने टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली.

चहाच्या वेळी ते साउंडवाले माझ्याकडे आले. "ताई, बघायला मिळेल का?" पर्समध्ये माझ्या छोटा स्क्रूड्रायव्हर असतोच. मी झाकण उघडलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइलचा उजेड आत पाडला आणि बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, ते सर्किट बघतायत. ते माझे सोल्डरचे जॉइंट बघत होते.

"हे मशीनवर केलंय की हाताने?"

"हाताने."

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी नवऱ्याला हाक मारली आणि म्हणाले, "तुम्ही वाजवता चांगलं. पण हे काम तुमच्या वाजवण्यापेक्षा वरचं आहे." नवरा इतका खूश झाला की मला वाटलं, तो स्वतःचीच स्तुती ऐकतोय.

बावीस वर्षांत माझे लाखो जॉइंट कुठकुठल्या मशीनच्या आत बंद झालेत. तपासणीवाला ते बघतो, पण चुकलंय का एवढंच. चांगलं आहे म्हणून कुणी उजेड पाडून बघितलं, ते त्या दिवशी.

त्यानंतर गिटारी यायला लागल्या. कुणी सिन्नरहून, कुणी लासलगावहून, कुणी बाजारातल्या टेम्पोत कांद्याच्या गोण्यांवर गिटार ठेवून. मी कुणाचंही काम घेण्याआधी खटका दाखवते, पिन काढायला लावते, आणि बॅटरी उपटून दाखवते. कुणी म्हणालं की खटका नको, दिसायला वाईट दिसतो, तर मी गिटार परत देते. एकाला खरंच परत दिली. तो पंधरा दिवसांनी पुन्हा आला.

बागलाणकडची एक मुलगी बेस गिटार घेऊन आली. बेस वाजवणारी मुलगी मी त्याआधी पाहिली नव्हती. तिने माझ्यासमोर बसून पूर्ण काम बघितलं, दोन जॉइंट स्वतः केले. एक थंड झाला, म्हणजे सोल्डरने नीट धरलं नाही, तो मी तिला पुन्हा करायला लावला. वाजवून बघितल्यावर ती एकदम स्वतःच्या बोलीवर गेली, "आवाज भारी शे!" आणि लाजली.

गेल्या महिन्यात तिने तिच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला. कारखान्यात दहाच्या चहाला मी तो कँटीनमध्ये लावला. लाइनवरच्या बायका जमल्या. मोबाइलच्या बारक्या स्पीकरमधूनही बेसचा खर्ज टेबलावर जाणवत होता. एकीने विचारलं, "ही कोण गं? तुझ्या नात्यातली?"

"नाही," मी म्हटलं. "तिच्या गिटारीत आपला बोर्ड आहे."

"आपला म्हणजे?"

मी त्यांना सेन्सरच्या गोल बोर्डापासून सांगायला सुरुवात केली. घंटा झाली तरी कुणी उठेना.